सिव्हिलायझेशन ६: पहिले शंभर टर्न भारी, पुढचे दीडशे ओझं. कुठे चुकतंय?

पहिली_टाइल

सिव्ह ६ (टर्न घेत साम्राज्य उभारायचा संगणकावरचा खेळ), राइज अँड फॉल आणि गॅदरिंग स्टॉर्म ही विस्तार-पॅकं दोन्ही चालू. डेइटी (सगळ्यात अवघड) पातळी, माझा नेता चंद्रगुप्त, पँजिया (एकच मोठा खंड), स्टँडर्ड नकाशा, स्टँडर्ड वेग. शेजारी अलेक्झांडर, राजधानीपासून अकरा टाइलवर (टाइल म्हणजे नकाशाचं षट्कोनी घर).

अडचणी अशा. तिसाव्या टर्नच्या आसपास अलेक्झांडर पाच-सहा वॉरियर घेऊन चालून येतो आणि दुसरं शहर जातं. ते वाचलंच, तर शंभराव्या टर्नला पाच शहरं, तीन कॅम्पस (विज्ञानाचा डिस्ट्रिक्ट; डिस्ट्रिक्ट म्हणजे टाइलवर बांधायचा शहराचा खास विभाग), सायन्स दर टर्नला ५५. पहिल्या नंबरचा एआय (संगणकाचा खेळाडू) तेव्हा १२० वर असतो. कॅम्पस चांगल्या जागी आहेत (एक तर +४ आहे, म्हणजे शेजारच्या टाइलमुळे ४ जादा), पण प्रॉडक्शन (बांधणीचा वेग) इतकं मरतुकडं की युनिव्हर्सिटीला वीस-वीस टर्न लागतात. अलेक्झांडरच्या बाजूला टाकलेलं पाचवं शहर लॉयल्टी (निष्ठा) घसरून बारा टर्नांत बंड करतं. आणि यातून तरून गेलो तर दीडशेव्या टर्ननंतर निकाल दिसायला लागतो, तरी आणखी शंभर टर्न क्लिक करत बसावं लागतं.

राजधानी नदीकाठी आहे, उत्तरेला डोंगरांची रांग, पूर्वेला दोन टाइलवर पूरमैदान. दुसरं शहर त्याच नदीवर, पाच टाइलवर.

दोष माझ्या पद्धतीत किती आणि खेळात किती, ते सांगा. सातव्या भागाकडे वळावं का, हेही.

---

एकच_टर्न_अजून

आधी युद्धाचं बघू, कारण तिसाव्या टर्नला शहर गेलं तर बाकीच्या चर्चेला अर्थ नाही.

डेइटीवर एआय जास्त डोकं चालवत नाही, त्याला नुसतं वाढून मिळतं. सुरुवातीलाच तीन सेटलर. प्रॉडक्शन आणि सोनं ८० टक्के जास्त, सायन्स-कल्चर-फेथ (श्रद्धा) ३२ टक्के जास्त, आणि प्रत्येक युनिटला लढाईत +४. म्हणजे त्याचा वॉरियर २० चा नाही, २४ चा. ताकद सारखी असेल तर दोन्हीकडे सरासरी ३० चं नुकसान होतं. ४ चा फरक पडला की मारणारा ३५ काढतो आणि स्वतः २६ खातो. वॉरियरला वॉरियर भिडवलात की हरलात, नशिबाचा त्यात संबंध नाही.

तोड आर्चर. त्याची लांबून मारायची ताकद २५, समोर २४, म्हणजे एका बाणात साधारण ३१. तीन आर्चर एकाच वॉरियरवर लावले तर त्याच्या १०० पैकी ९३ जातात आणि तो जेमतेम जिवंत राहतो, म्हणून चार ठेवा. अंगावर आल्यावर मात्र आर्चरची ताकद फक्त १५ असते. टेकडीचे +३, दोन टर्न फोर्टिफाय करून बसल्याचे +६, मिळून २४. बरोबरी झाली! टेकडीवर आधीपासून बसलेला आर्चर आणि सपाटीवर आयत्या वेळी पळत आलेला आर्चर यांत एवढा फरक पडतो.

बांधायचा क्रम: स्काउट, स्लिंगर, सेटलर, स्लिंगर, स्लिंगर. स्लिंगरला (गोफणवाला, त्याचाच पुढे आर्चर होतो) ३५ प्रॉडक्शन लागतं. त्याच्या हातून एक बार्बेरियन (कुठल्याच देशाचा नसलेला लुटारू) मारला की आर्चरीचं युरेका मिळून ४० टक्के संशोधन फुकट होतं. मग सोनं साठवून सगळे एकदम अपग्रेड करायचे. मरत आलेल्या बार्बेरियनवर वॉरियरने शेवटचा घाव घातला की युरेका गेलं, ही हमखास होणारी चूक. वॉरियरने आधी मारायचं, शेवटचा दगड स्लिंगरचा.

बिल्डरच्या तिन्ही खेपा लगेच वापरा. तीन टाइल सुधारल्या की क्राफ्ट्समनशिप या सिव्हिकचं (कल्चरवर चालणारं संशोधन) इन्स्पिरेशन, म्हणजे युरेकाच, मिळतं आणि त्यातून अगोगे हे धोरणाचं कार्ड येतं, स्लिंगर-आर्चरसाठी प्रॉडक्शन ५० टक्के जास्त.

अलेक्झांडरची गंमत अशी की जो कुणाशीच लढत नाही त्याच्यावर त्याची खप्पामर्जी असते. दुसऱ्या कुणाशी युद्ध चालू असलेले लोक त्याला आवडतात. त्यामुळे दूरच्या एखाद्या नेत्याशी नावापुरतं युद्ध जाहीर करून ठेवलं तर हा शेजारी निवळतो. भेट होताच त्याच टर्नला २५ सोन्याचं डेलिगेशन पाठवा, नंतर घेतीलच असं नाही. त्याच्या चेहऱ्याची खूण हिरवी (खूश) झाली की मैत्रीचा करार करा. पुढचे ३० टर्न दोघांनाही हल्ला करता येत नाही, आणि एवढ्या अवधीत तीन शहरं उभी राहतात.

(खऱ्या इतिहासात चंद्रगुप्ताची गाठ पडली ती अलेक्झांडरच्या सरदाराशी, सेल्युकसशी, आणि तिथे व्यवहार मिटला हत्तींवर. खेळात मात्र अलेक्झांडर दोन हजार वर्षं म्हातारा होत नाही.)

---

षट्कोनी

युद्धाचं वर आलंय, मी प्रॉडक्शनचं घेतो. तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात दुःखद वाक्य "दुसरं शहर पाच टाइलवर" हे आहे.

का ते सांगतो. इंडस्ट्रियल झोनला (प्रॉडक्शनचा डिस्ट्रिक्ट) शेजारच्या प्रत्येक ॲक्विडक्टमागे (शहराला पाणी आणणारी जलवाहिनी) +२, धरणामागे +२. खाण आणि लाकूडगिरणी अर्धा-अर्धा, दगडाची खाण किंवा स्ट्रॅटेजिक रिसोर्स एक-एक. शिवाय शेजारी कुठलाही डिस्ट्रिक्ट असला की अर्धा. म्हणजे खरा माल पाण्याच्या बांधकामात आहे.

ॲक्विडक्ट स्वतःच्या शहराला चिकटूनच बांधावा लागतो. दोन शहरांचे दोन ॲक्विडक्ट एकाच झोनला टेकवायचे तर झोन दोन्ही शहरांपासून बरोबर दोन टाइलवर हवा. दोन अधिक दोन चार. शहरं चार टाइलवर असतील तर जमतं, पाचवर असतील तर काहीही केलं तरी जमत नाही. आणि दोन शहरांतलं किमान अंतरही चारच आहे, त्यामुळे जितकी दाट वस्ती कराल तितकं बरं.

सरळ रेषेत कल्पना करा: शहर, ॲक्विडक्ट, झोन, ॲक्विडक्ट, शहर. झोनच्या उरलेल्या चार बाजूंपैकी एकीवर धरण. ६ झाले. तीन डिस्ट्रिक्ट शेजारी आहेत म्हणून अर्धा-अर्धा मिळून दीड, त्यातला पूर्ण एकच धरला जातो. एकूण +७. क्राफ्ट्समेन कार्ड लावलं की १४. पुढे कोळशाचं वीजकेंद्र बांधलंत तर झोनच्या ॲडजेसन्सीइतकं (शेजारामुळे मिळणाऱ्या फायद्याइतकं) प्रॉडक्शन ते पुन्हा देतं. (धुराने समुद्र चढतो आणि किनाऱ्याच्या सखल टाइल बुडतात, तुमची शहरं नदीकाठी आहेत, तुम्हाला काय त्याचं.)

अटी, कारण नेमकं इथेच अडतं. ॲक्विडक्टच्या टाइलला नदी, तळं, ओॲसिस किंवा डोंगर लागून हवा. धरण पूरमैदानावरच होतं आणि त्या टाइलच्या निदान दोन कडांवरून नदी वाहायला हवी. पूरमैदान दिसलं म्हणजे धरण झालं असं नाही. एका नदीच्या पूरमैदानाला धरणही एकच.

तुमच्या सध्याच्या डावात राजधानी आणि दुसरं शहर ही जोडी गेली, तिचा नाद सोडा. तिसरं शहर राजधानीपासून चार टाइलवर, पूर्वेच्या पूरमैदानापलीकडे बसतंय का ते नकाशावर खुणेची पिन टाकून बघा.

आणि या खेळाची खुबी आणि डोकेदुखी एकाच जागी आहे ती इथे. विसाव्या टर्नला सेटलर एक टाइल पुढे सरकवला त्याचा हिशोब नव्वदाव्या टर्नला, अप्रेंटिसशिप आल्यावर कळतो. नकाशा वाचायला लावणारा याच्याइतका दुसरा खेळ मी तरी पाहिलेला नाही. पण हे नियम पडद्यावर वेळेवर कोणी सांगत नाही, सिव्हिलोपीडियात (खेळातला ज्ञानकोश) जाऊन उकरावे लागतात.

---

पहिली_टाइल

@षट्कोनी, पिन टाकून पाहिलं. चार टाइलवर जागा आहे पण तिथे घनदाट जंगल आहे, आणि धरणाच्या टाइलवर नदी एकाच कडेने जाते. म्हणजे +५ च होतोय ना? आणि डिस्ट्रिक्टची किंमत दर टर्नला वाढताना दिसते, ती का?

---

षट्कोनी

दोन ॲक्विडक्टचे ४ आणि त्यांचेच डिस्ट्रिक्ट म्हणून अर्धा-अर्धा मिळून १. हो, +५. वाईट नाही, शेजारच्या टेकड्यांवर दोन खाणी केल्यात की +६.

जंगल ही अडचण नाही, चांगली गोष्ट आहे. फक्त डिस्ट्रिक्ट ठेवण्याआधी बिल्डरकडून ते तोडून घ्या. तसंच ठेवलंत तर जंगल आपोआप साफ होतं आणि तोडीचं प्रॉडक्शन मिळत नाही. साध्या जंगलाला मायनिंग लागतं, वर्षावनाला ब्रॉन्झ वर्किंग, दलदलीला इरिगेशन. गव्हर्नर मॅग्नस त्या शहरात बसवलेला असेल तर तोडीचं उत्पन्न दीडपट. त्याला बसायला पाच टर्न लागतात, तेवढं आधी धरून चाला.

किमतीबद्दल. डिस्ट्रिक्टचा भाव तुमच्या तंत्रज्ञान आणि सिव्हिक्सच्या प्रगतीबरोबर चढतो. पण ज्या टर्नला तुम्ही टाइलवर ठेवता त्या टर्नचा भाव कायम होतो. म्हणून ठेवून द्यायचा, बांधकाम दहा टर्नांनी करा. लोकसंख्येची अट मात्र ठेवतानाच लागते: पहिला १ वर, दुसरा ४, तिसरा ७, चौथा १०. ॲक्विडक्ट, धरण, कालवा या मोजणीत येत नाहीत.

एक ४० टक्के सवलतही आहे, तिचा उल्लेख खेळात कुठेच नीट नाही. समजा तुमच्याकडे तीन प्रकार खुले आहेत: कॅम्पस, होली साइट (धर्माचा), एन्कॅम्पमेंट (लष्कराचा). तुम्ही तीन कॅम्पस पूर्ण बांधलेत. तीनला तीनने भागलं, सरासरी एक. होली साइट शून्य, म्हणजे सरासरीपेक्षा कमी. ती ४० टक्के स्वस्त, एन्कॅम्पमेंटही स्वस्त. पण पूर्ण झालेल्या डिस्ट्रिक्टांची संख्या खुल्या प्रकारांइतकी तरी हवी. तिथेच आणखी एक प्रकार खुला करणारं तंत्रज्ञान घाईने पूर्ण केलंत तर तीनला चारने भागलं जातं आणि सवलत उडते. म्हणून जुने खेळाडू करन्सी वा अप्रेंटिसशिप एक टर्न शिल्लक असताना थांबवतात, स्वस्तात दोन डिस्ट्रिक्ट ठेवतात आणि मग ते तंत्रज्ञान पूर्ण करतात.

हे सगळं कागदावर करायचं नसेल तर डिटेल्ड मॅप टॅक्स मॉड (खेळाडूंनी बनवलेली जोड) घ्या. पिन टाकली की ॲडजेसन्सीचा आकडा पिनेवरच दिसतो. हे मूळ खेळात का नाही, हा माझा २०१६ पासूनचा प्रश्न आहे.

---

डोंगरकपारी

पाचव्या शहराबद्दल कोणी बोललं नाही.

लॉयल्टीचा दाब नऊ टाइलपर्यंत पोचतो आणि दर टाइलला १० टक्के कमी होतो. अलेक्झांडरची १२ लोकसंख्येची राजधानी तुमच्या नव्या शहरापासून पाच टाइलवर असेल तर तिचा दाब १२ च्या निम्मा, ६. तुमच्या बाजूने नव्या शहराचा स्वतःचा १, आणि आठ टाइलवरच्या ८ लोकसंख्येच्या राजधानीचा जेमतेम १.६. एकूण २.६. दोन्ही बाजूंच्या फरकाला दहाने गुणा आणि लहान आकडा अधिक अर्धा याने भागा: दर टर्नला साधारण उणे ११. कमाल मर्यादा २०. शंभरावरून शून्यावर यायला नऊ-दहा टर्न. तुमचं बारा टर्नांत गेलं, म्हणजे बहुधा मॉन्युमेंट बांधलं असणार.

गव्हर्नरचे +८, मॉन्युमेंटचा +१, तरी उणे २ उरतातच. उपाय म्हणजे एकटं शहर टाकूच नये. चार टाइलवर ३ लोकसंख्येचं दुसरं शहर असेल तर तुमची बाजू २.६ वरून ४.४ होते, आणि उणे ११ चं उणे ३ होतं. त्यावर गव्हर्नर आला की शहर टिकलं. दोन सेटलर एकदम तयार ठेवा, पाठोपाठच्या टर्नला बसवा.

हा हिशोब ढोबळ आहे, कारण वरून युगाचा गुणक लागतो. सुवर्णयुगात दाब दीडपट, अंधारयुगात निम्मा. अलेक्झांडर सुवर्णयुगात आणि तुम्ही अंधारयुगात असाल तर त्या बाजूला शहर टाकायचं नावही काढू नका.

पहिलं सुवर्णयुग मिळालं तर मॉन्युमेंटॅलिटी निवडा. सेटलर आणि बिल्डर फेथने विकत मिळतात आणि ३० टक्के स्वस्त पडतात. सेटलर ८० प्रॉडक्शनपासून सुरू होतो आणि प्रत्येकामागे ३० ने महागतो. पाचवा २०० ला पडतो. एवढं प्रॉडक्शन त्या वेळी कुठल्या शहरात असतं?

---

रिकामा_सेनापती

वरचे सगळे हिशोब बरोबर आहेत, पण मूळ दुखणं कोणी बोलत नाहीये. एआयला लढता येत नाही.

तटबंदीवर साध्या तलवारबाजाच्या घावाचा १५ टक्केच परिणाम होतो. बॅटरिंग रॅम (तट फोडायचा ओंडका) सोबत असेल तर पूर्ण. माणसाला हे एकदा कळलं की पुरे. एआय मात्र रॅम एकीकडे आणि वॉरियर दुसरीकडे घेऊन फिरतो, कॅटापल्ट सगळ्यात पुढे. प्राचीन तटबंदीला १०० चं बळ असतं, ती वेळेवर बांधली की तुमचं शहर मध्ययुगापर्यंत सहसा कोणी घेत नाही. आरमार आणि विमानं तर त्याने न बांधलेलीच बरी. म्हणून डेइटी म्हणजे पहिल्या साठ टर्नांची शर्यत: तोपर्यंत तगलात की समोरचा फक्त श्रीमंत असतो.

आणि श्रीमंतीचा फायदा तुम्हीच घ्या. जादा लक्झरी रिसोर्स एआयला विका, दर टर्नला सोनं मागा. डिप्लोमॅटिक फेवरही विकत घेतात. सुरुवातीला जागतिक परिषदेत तुमच्या दोन-चार मतांनी काही हलत नाही, ते फेवर विकून बिल्डर घ्या.

वेढा घालताना एक लक्षात ठेवा. शहराभोवतीच्या सगळ्या टाइल तुमच्या युनिटांनी किंवा त्यांच्या नियंत्रणक्षेत्राने (युनिटाचा शेजारच्या टाइलांवरचा अटकाव) बंद झाल्या की शहराची जखम भरायची थांबते. एक फट राहिली तरी दर टर्नला २० परत मिळतात. चार युनिटं समोरून रांगेत उभी करण्यापेक्षा तीन युनिटं एकाआड एक टाइल सोडून लावली की काम होतं. आर्चर यात धरू नका, त्यांना नियंत्रणक्षेत्र नसतं.

---

बारव

चंद्रगुप्त घेतलाय आणि अजून कोणी हत्तीचं नाव काढलं नाही, कमाल आहे.

वारू (मराठीत वारू म्हणजे घोडा, इथे लढाऊ हत्ती आहे) हॉर्सबॅक रायडिंगला येतो. ताकद ४०, घोड्यांचा रिसोर्स लागत नाही, आणि लागून असलेल्या शत्रूची ताकद ५ ने उतरवतो. डेइटीच्या +४ ला हे सरळ उत्तर आहे. कुरणाची एक टाइल सुधारली की त्या तंत्रज्ञानाचं युरेका. चाल मात्र फक्त २, हत्ती तो हत्तीच.

चंद्रगुप्ताची स्वतःची चीज म्हणजे मिलिटरी ट्रेनिंग हे सिव्हिक आल्यावर मिळणारं विस्तारयुद्ध. जाहीर केल्यापासून दहा टर्न +२ चाल आणि +५ ताकद. मिलिटरी ट्रेनिंगच्या इन्स्पिरेशनला एन्कॅम्पमेंट लागतो. म्हणजे षट्कोनी म्हणतात ती सवलत वापरून एन्कॅम्पमेंट ठेवा, पाच वारू तयार करा, सीमेवर आणून उभे करा आणि मग युद्ध पुकारा. आधी पुकारून मग फौज चालवायला घेतलीत तर दहातले सहा टर्न वाटेतच जातात.

रॅमबद्दल वर जे लिहिलंय त्यात एक भर: रॅमचा फायदा पायदळाला आणि भालाईतांना मिळतो, वारूला नाही. तटबंदी असेल तर वारूंनी मैदानातली फौज मोडायची आणि सोबत दोन वॉरियर व रॅम ठेवून तट त्यांच्याकडून पाडून घ्यायचा. मध्ययुगीन तटाला तो रॅमही चालत नाही, सीज टॉवर लागतो.

स्टेपवेल विसरू नका. आपली बारवच ती! +१ अन्न, +१ हाउसिंग, शेताला लागून असेल तर आणखी अन्न, होली साइटला लागून असेल तर फेथ. टेकडीवर बांधता येत नाही, दोन बारवा शेजारीशेजारी चालत नाहीत. दुष्काळात त्या टाइलचं अन्न जात नाही. खेळ बनवणाऱ्यांनी एवढा बारकावा ठेवला हे मला आवडतं. शंभर ठिकाणी इतिहासाशी खेळ करतात आणि एखाद्या ठिकाणी असा नेम धरतात.

---

जुना_सिव्हवाला

शेवटच्या शंभर टर्नांबद्दल. यात तुमचा दोष थोडा आहे, खेळाचा पुष्कळ.

तुमचा थोडा असा की विजयाचा रस्ता उशिरा ठरतोय. सायन्स ठरवलंत तर हे धरून चाला: उपग्रह, चंद्र, मंगळ, आणि शेवटची मोहीम सुटल्यावर ५० प्रकाशवर्षं, दर टर्नला एक. नुसतं वाट पाहिलीत तर पन्नास टर्न. प्रत्येक लेझर स्टेशन प्रकल्पाने वेग एकने वाढतो. म्हणून एकाच शहरात स्पेसपोर्ट बांधून चालत नाही, तीन प्रॉडक्शनवाली शहरं लागतात, आणि जमिनीवरच्या लेझरला वीज. पन्नासचे पंधरा-वीस टर्न इथेच होतात. गव्हर्नमेंट प्लाझात रॉयल सोसायटी घेतली असेल तर बिल्डर जाळून प्रकल्प पुढे ढकलता येतो.

कल्चर विजयाचा घोळ वेगळा. तुमचे येणारे पर्यटक प्रत्येक देशाच्या देशांतर्गत पर्यटकांपेक्षा जास्त हवेत, एवढंच पडद्यावर दिसतं. कुठल्या गोष्टीने किती वाढले ते दिसत नाही. व्यापारमार्ग असला की त्या देशावर २५ टक्के जास्त, खुल्या सीमा असल्या की आणखी २५. हे माहीत नसलेले लोक वंडर बांधत बसतात.

राष्ट्रीय उद्यानाचं बटण राखाडी का, हा तर दर महिन्याला येणारा प्रश्न. चार टाइल उभ्या हिऱ्याच्या आकारात हव्यात: वर एक, मध्ये दोन, खाली एक. आडवा हिरा चालत नाही. चारही एकाच शहराच्या मालकीच्या हव्यात, त्यांवर शेत-खाण काही नको, आणि प्रत्येकाचं अपील (टाइलची रमणीयता) चार्मिंग किंवा वरचं हवं. डोंगर असेल तर अपील बघायची गरज नाही. बहुतेक वेळा घोळ मालकीचा असतो: चौथी टाइल शेजारच्या शहराकडे गेलेली असते. शहराच्या नागरिक व्यवस्थापनात जाऊन ती टाइल बदलून घ्या. तुमच्या उत्तरेच्या डोंगररांगेत असं एखादं उद्यान नक्की बसेल.

क्लिकांचं ओझं कमी करायला सेटिंगमध्ये क्विक मूव्हमेंट आणि क्विक कॉम्बॅट चालू करा, युनिटांवर आपोआप उड्या मारणं बंद करा. शहरांच्या रांगेत दहा-दहा गोष्टी टाकून ठेवा. ही रांगही पहिली दोन वर्षं खेळात नव्हती, २०१९ ला गॅदरिंग स्टॉर्मच्या वेळी आली! बेटर ट्रेड स्क्रीन मॉडने व्यापारी पुन्हा त्याच मार्गावर पाठवता येतात, शंभर टर्नांत शेकडो क्लिक वाचतात. वेग ऑनलाइनवर ठेवायचा सल्ला मिळेल, पण युनिटांची चाल तेवढीच राहते आणि संशोधन दुप्पट पळतं. वारूंनी युद्ध करायचं असेल तर शेजाऱ्याच्या दारात पोचेपर्यंत ते म्युझियममध्ये गेलेले असतात.

यापलीकडचं ओझं हलत नाही. दीडशेव्या टर्नला जिंकलेला डाव दोनशे चाळीसला जिंकल्याचं कळतं, ही या मालिकेची जुनी खोड.

---

षट्कोनी

सातव्याचं विचारलंय म्हणून थोडक्यात. फेब्रुवारी २०२५ ला आला. ही खोड मोडायलाच त्यांनी डावाचे तीन युगांत तुकडे केले आणि दर युगाला संस्कृती बदलायला लावली: मौर्य, मग चोल, मग मुघल असं जाता येतं. पुढे पळणाऱ्याला त्यामुळे लगाम बसतो, पण रचत आणलेला डाव युग संपलं म्हणून विस्कटतो. विसाव्या टर्नच्या टाइलचा हिशोब दोनशेव्या टर्नला चुकवायचा, ही मजा ज्याला आहे त्याला ते रुचेलच असं नाही. सेलमध्ये येईपर्यंत सहाव्यातच राहा.

---

रिकामा_सेनापती

सहाव्यातच राहणार असाल तर रिअल स्ट्रॅटेजी मॉड एकदा लावून बघा. एआय लढायला शिकत नाही, पण निदान एक विजय धरून त्यामागे जातो. शेवटचे शंभर टर्न थोडे तरी घाबरवतात.

---

पहिली_टाइल

नवा डाव सुरू केलाय, तोच नकाशा. दुसरं शहर चार टाइलवर घेतलं, जंगल तोडून झोनची पिन टाकली. अठ्ठाविसाव्या टर्नला टेकडीवर चार आर्चर फोर्टिफाय. अलेक्झांडरकडे पहिल्याच टर्नला डेलिगेशन, ते त्याने घेतलं, पण चेहरा अजून पिवळाच. दूरच्या कुणाशी युद्ध पुकारायचं तर कोणाशी? आतापर्यंत भेटलेत फक्त दोघे: गिल्गामेश आणि पेड्रो.

---

एकच_टर्न_अजून

पेड्रो. गिल्गामेश मैत्रीला लवकर तयार होतो, त्याला दुखवू नका. त्याच्याकडे डेलिगेशन पाठवा आणि दहा टर्नांनी मैत्री मागा. पेड्रो कुठे आहे ते आधी बघा. मध्ये अलेक्झांडरचा मुलूख असेल तर बिनधास्त पुकारा.